गाडीचा अंगठा

आमच्या दाजींनी दिल्ली पासिंग घेतली. एवढं सांगितलं की आपल्या जिल्ह्यात पुढचं सांगावं लागत नाही. 'दिल्ली पासिंग' म्हणताना माणसाचा आवाज जरा खाली येतो आणि मान जरा वर जाते. तिकडे डिझेल गाडीला दहा वर्षं झाली की ती म्हातारी. आपल्याकडे दहा वर्षांची डिझेल म्हणजे नुकती कामाला लागलेली. म्हणून नऊ वर्षांची पांढरी गाडी, पुढारी बसतात त्या आकाराची, दाजींना इथल्या जवळपास निम्म्या भावात मिळाली. तिच्या धुराने दिल्लीची हवा बिघडते. आपली बिघडत नाही. नगर-मनमाड रस्त्याच्या धुळीने छातीत जागाच ठेवलेली नाही, धूर शिरणार कुठे?

तर गाडी आली, दारात नारळ फुटला, पेढे वाटले गेले. या गोष्टीला चार महिने झाले. अजून ती कागदावर दाजींची झालेली नाही. का, तर तिचा अंगठा उमटत नाही.

अंगठा म्हणजे चेसिस नंबरचा ठसा. ज्यांनी जुनी गाडी घेतली आहे त्यांच्या बोटांना हे वाचतानाच काळं लागलं असेल. ज्यांनी घेतलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या सांगाड्यावर सतरा अक्षरांचा एक नंबर ठोकलेला असतो. त्या नंबरावर चिकटपट्टी नाहीतर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, उमटलेला ठसा फॉर्मला चिकटवायचा. तिकडून 'हरकत नाही'चा दाखला घेताना एकदा आणि इकडे नवा नंबर मागताना पुन्हा एकदा.

शाळेत आम्ही चार आण्याच्या नाण्यावर वहीचं पान ठेवून हाच उद्योग करायचो. गुरुजींनी त्याबद्दल माझा कान पिळला होता. म्हणाले, रिकामटेकड्यांची कामं आहेत ही. आज ते असते तर त्यांना 'हरकत नाही'चा फॉर्म 28 दाखवला असता.

माणसाचा अंगठा आता काचेवर ठेवला की आधार उघडतं. गाडीचा सगळा जन्म, लग्न, कर्ज संगणकात आहे. बसल्या जागी मोबाइलवर दिसतं. मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की दुसरा येतो. दाजींनी एका दुपारी सहा ओटीपी टाकले. आणि एवढं सगळं झाल्यावर, त्या सगळ्याच्या टोकाला, कानावर पेन्सिल खोचलेला एक एजंट पोत्यावर उताणा पडून गाडीखाली सरकतो. दिल्लीची गाडी शेवटी अंगठाबहाद्दरच.

हा एजंट मी जवळून पाहिला. उजव्या पुढच्या चाकाच्या आत हात घालून त्याने आधी रॉकेलच्या बोळ्याने चिखल काढला. मग पॉलिश पेपर. मग फुंकर. मग चिकटपट्टी लावून, जीभ दाताखाली धरून, शिसं आडवं करून तो असा हळू घासायला लागला की पाळण्यातलं पोर उठू नये. पहिला ठसा फिका आला. दुसऱ्याला घाम लागला. तिसऱ्यात गंज उमटला, नंबर नाही. चौथा दाजींनी स्वतः काढला, त्यात त्यांच्या बोटाचा ठसा इतका सुरेख आला की एजंट म्हणाला, "शेठ, हा तुमच्या आधारला लावा." पाचवा बरा आला. तो फाइलला लागला आणि पंधरा दिवसांनी परत आला. आठाचा तीन दिसतो, असा शेरा होता. आता गंमत बघा. ज्या शहाण्यांनी हे सतरा अक्षरांचे नंबर ठरवले त्यांनी इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं मुद्दाम गाळली आहेत. एक आणि शून्य यांच्याशी गफलत नको म्हणून. एवढा दूरचा विचार केला बिचाऱ्यांनी, पण पेन्सिल त्यांच्या ध्यानात आली नाही. दाजी म्हणाले, "साहेब, गाडी खाली उभी आहे. जरा वाकून आठ बघून घ्या." पलीकडून शांत उत्तर आलं, "गाडी फाइलला लावता येत नाही."

(कुठल्या कचेरीत, ते विचारू नका. जिल्ह्यात सोळा आणि सतरा अशा दोन पाट्या चालतात, आणि पेन्सिल काही कुण्या एका कचेरीची नाही.)

या मधल्या काळात मी मोटार वाहन कायदा वाचला. 1988चा आहे. कलम 48 म्हणतं की 'हरकत नाही'चा दाखला मागितल्यावर तीस दिवसांत कुणी काहीच कळवलं नाही, तर दाखला मिळाला असं समजावं. पूर्वी मुलगी बघायला गेल्यावर ती खाली मान घालून गप्प बसली की पसंती धरायचे, तसंच. पण असा न मिळालेला दाखला हातात घेऊन कुणी खिडकीशी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. गेलाच, तर पेन्सिल चिकटवायची कुठे?

जिल्ह्याचंही नाव मध्यंतरी बदललं. अहमदनगरचं अहिल्यानगर करायचं मार्च 2024 मध्ये ठरलं आणि ऑक्टोबरमध्ये झालंसुद्धा. अख्खा जिल्हा सात महिन्यांत नव्या नावावर चढला, चौदा तालुक्यांसकट. कुणी जिल्ह्याखाली पोतं टाकून झोपलं नाही. ज्या जिल्ह्यात शिंगणापूरच्या घरांना दारं लावायची रीत नाही, त्याच जिल्ह्यात दाजींची गाडी चोरीची नाही हे एका शिसाच्या कांडीने सिद्ध करायचं आहे.

इथपर्यंत मी हसत होतो. मग कराचा कागद आला.

पहिल्या मालकाने तिकडे कर भरलेला आहे. एकदाच भरायचा, गाडीच्या आयुष्यभराचा. हे आयुष्य पळासनेरला राज्याची हद्द लागली की संपतं. अलीकडे गाडीचा पुनर्जन्म होतो आणि नव्या जन्माचा नवा कर, वय बघून कमी केलेला, पण कर. जुना परत मिळतो, म्हणतात. त्यासाठी नव्या नोंदणीचा कागद घेऊन जुन्या गावी अर्ज करायचा. म्हणजे आधी इथे भरा, मग तिथे मागा, आणि मधल्या काळात देश एक आहे असं म्हणत राहा. घोडेगावचा कांदा दिल्लीला जातो तेव्हा त्याला कुणी पुन्हा पिकायला सांगत नाही.

यावर तोडगा म्हणून 2021 मध्ये 'बीएच' पाटी आली. बीएच म्हणजे भारत. ती लावली की राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागत नाही. कुणाला मिळते? सरकारी नोकराला, आणि चार किंवा जास्त राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपनीच्या नोकराला. कारण त्यांची बदली होते. आमच्या पाथर्डीची ऊसतोड टोळी दर वर्षी दिवाळीनंतर पोरंबाळं, भांडीकुंडी, बैलं घेऊन निघते, काही थेट कर्नाटकात जातात, उन्हाळ्यात परततात. बापजाद्यांपासून दर वर्षी बदली. त्यांच्या मुकादमाने जुनी जीप घेतली तर तो भारतात बसत नाही. त्याला नोकरीचा दाखला लागतो, आणि कोयत्याला लेटरहेड नसतं. हे ज्या कुणाला सुचलं त्याने आयुष्यात एकदा तरी गाडीखाली झोपायला हवं होतं. चिखलात. पोतं न घेता.

असो. दाजींच्या गाडीचं शेवटी काय झालं ते सांगतो. सहावा ठसा त्यांच्या नातवाने काढला. चौथीत आहे. त्याने टू-बी पेन्सिल वापरली, कारण चित्रकलेच्या बाईंनी सांगितलंय की एचबी फिकी उमटते. आठ आठासारखा आला. फाइल पुढच्या टेबलावर गेली आहे. तिथे आता इंजिन नंबरचाही ठसा मागितलाय. पोराची सहामाही चालू आहे, त्यामुळे दिवाळीपर्यंत थांबा, असं त्याच्या आईने कळवलंय.

तुम्ही दिल्ली पासिंग बघायला निघाला असाल, तर खिशात टू-बी पेन्सिल टाका. इसार देण्याआधी गाडीखाली झोपा. आठ वाचता आला तरच इंजिन चालू करायला सांगा.