तेलाच्या मागावर

आमच्या दारात दोन वाहनं उभी असतात. एक गाडी आहे आणि एक छंद आहे, असं घरातलं अधिकृत वर्गीकरण. गाडी हिची, छंद माझा.

छंद म्हणजे १९६३ सालची एमजीबी. दोन सीटा, कापडी टप, लांब नाक. आम्ही स्विंडनला राहतो. त्या काळी या गाडीच्या बॉड्या स्विंडनच्याच कारखान्यात तयार व्हायच्या, मग ॲबिंग्डनला जायच्या आणि तिथं त्यांच्यात इंजिन बसायचं. तेव्हा ही गाडी साठेक वर्षांनी जन्मगावी परतली आहे, असं मी पाहुण्यांना सांगतो. जन्मगावी परतल्यावर लोक शाळेला देणगी देतात, फरशीवर तेल सांडत नाहीत, असं ही पाहुण्यांना सांगते.

फरशी हा आमच्याकडे नाजूक विषय आहे, म्हणून गाडीखाली टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा अंथरलेला असतो. त्यावर चारही चाकांच्या जागा पेन्सिलीनं आखल्या की सकाळी कुठला ठिपका कुठल्या भागाखाली पडला ते कळतं. म्हणजे कळायला हवं. पण तेल जिथून सुटतं तिथं टपकत नाही. वजनानं ते खाली येतं, पुढून येणाऱ्या वाऱ्यानं मागं सरकतं, आणि वाटेत लागेल त्या कडेला, बोल्टला, पाइपला धरून निवांत प्रवास करतं. इंजिनाच्या डोक्यावर सुटलेलं तेल गिअरबॉक्सच्या तोंडाशी येऊन थेंब धरतं. तिथं पाहून निदान करणारा माणूस एसटी स्टँडवर उतरलेल्या प्रत्येकाला तिथलाच रहिवासी समजेल.

वासावरून ओळखावं म्हटलं तर मागच्या ॲक्सलचं तेल तेवढं ओळखू येतं, कारण त्याला गंधकाचा उग्र दर्प असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांत मात्र या गाडीला एकच तेल चालतं. दोघांच्या सांध्यातून पडणारा थेंब कुणाचा, हे नाकाला कळणं शक्य नाही. त्यात त्या सांध्याच्या तळाला कारखान्यानंच एक भोक ठेवलंय आणि त्यात एक सैलसर स्प्लिट पिन अडकवलीय. गाडी हादरली की पिन हलते आणि भोक बुजत नाही. आत साचलेलं तेल क्लचवर जाऊ नये, सरळ बाहेर पडावं, ही त्यामागची योजना. तेल येणार हे ज्यांनी इतक्या शांतपणे गृहीत धरलं, त्या इंजिनिअरांबद्दल मला आदर आहे.

बॉनेट उघडलं की शेजारचे आजोबा चहाचा मग घेऊन येतात. पाऊस असला तरी येतात. त्यांचं निदान ठरलेलं आहे: "मागचं सील." त्यानंतर, अशा गाडीतून तेल गळायचं थांबलं तर ते संपलं असं समजावं, हा विनोद. या देशात जुनी गाडी घेताना तो कागदपत्रांसोबतच मिळतो. मी हसतो. न हसल्यास ते पुन्हा सांगतात.

इथं गाड्यांची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. मे २०१८ मध्ये तिचे नियम बदलले. पर्यावरणाला घातक ठरेल अशी गळती दिसली तर गाडी नापास करायची, हा एक नवा नियम. चाळीस वर्षं उलटलेल्या गाड्यांना, त्यांत मोठे फेरबदल केले नसतील तर, तपासणीच नको, हा त्याच महिन्यातला दुसरा. म्हणजे ज्यांच्याकडे पाहून पहिला नियम सुचावा, त्या बहुतेक दुसऱ्यातून सुटल्या. रस्त्याचा करही त्यांना माफ आहे. सरकारचं एखादं धोरण मनापासून पटलं की मी त्यावर चर्चा करत नाही.

तरी शोध घ्यायचाच असं ठरवून मी इंजिन स्वच्छ धुतलं, वाळवलं आणि त्याच्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. मग थोडं फिरवून आणलं की कोरड्या पांढऱ्या पावडरीत तेलाची ओली वाट स्पष्ट उमटते. पद्धत जुनी आणि खात्रीची. फक्त ट्रॅफिक लाइटपाशी थांबल्यावर बॉनेटखालून लव्हेंडरचा वास येतो आणि शेजारच्या व्हॅनचा ड्रायव्हर काच खाली करतो.

पावडरीनं एवढंच दाखवलं की गळती एक नाही. म्हणून पुढची पायरी: तेलात मिसळायचा चमकणारा रंग. तो इंजिनात टाकायचा, गाडी चालवायची आणि अंधारात जांभळा दिवा मारायचा. पिवळा चष्मा घातला की तेल हिरवट चकाकतं. रंग फक्त इंजिनात घातल्यामुळे गिअरबॉक्सचा संशयही परस्पर मिटतो. रात्री पिवळा चष्मा लावून मी गाडीत डोकं घातलं आणि थक्क झालो. रॉकर कव्हरच्या कडेनं एक ओघळ, बाजूच्या दोन्ही टॅपेट कव्हरांखाली दोन, पुढं टायमिंग कव्हरपाशी एक. हे वैभव हिलाही दाखवावं म्हणून मी तिला बोलावलं. तिनं पाहिलं, दिवा मागितला आणि तो घेऊन ती घरात गेली. दाराची मूठ चकाकत होती. फ्रिजचं हँडल चकाकत होतं. डॉक्टरांनी मला साखर बंद केल्यापासून वरच्या फळीवर गेलेला बिस्किटांचा डबा तर चारही बाजूंनी चकाकत होता. गळती शोधण्याचं हे साधन अत्यंत विश्वासार्ह आहे, एवढं मी सांगू शकतो.

शेवटी कोल्हापूरच्या मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांनी उभं आयुष्य ॲम्बॅसडर दुरुस्त केल्या. मी कॅमेरा इंजिनावर धरला, तसे ते चष्मा सरसावून म्हणाले, "आरं, ही आमची ॲम्बॅसडर की रं!"

ते खरंच होतं. ॲम्बॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच 'बी सीरिज' घराण्यातली. हेच कव्हर, हेच बोल्ट, गळायच्या जागाही याच. "म्हंजे लंडनला जाऊन, पौंड मोजून, ॲम्बॅसडर घेतलास," मामा म्हणाले आणि ही बातमी द्यायला मामींना हाक मारली. स्विंडन म्हणजे लंडन नव्हे, हे मी सांगितलं नाही. मुद्दा तो नव्हता.

शेजारच्या आजोबांचं मागचं सील मामांनी एका वाक्यात निकालात काढलं. "मागं सीलच न्हाई तिला." क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबर नाही, नुसते आटे कोरलेले आहेत. क्रँक फिरतो तेव्हा ते आटे बाहेर निघालेलं तेल पुन्हा आत ढकलतात. क्रँक थांबला की तेही थांबतात. १९६४ च्या अखेरीस या गाडीला पाच बेअरिंगांचं इंजिन आलं तेव्हा सोबत खरं सीलही आलं. माझं इंजिन त्याआधीचं, तीन बेअरिंगांचं. मागून एक थेंबही पडू नये असं वाटत असेल, तर गाडी कधीच बंद करायची नाही.

"आता बाजूची झाकणं काढ," मामा म्हणाले. टॅपेट कव्हर म्हणजे पत्र्याचं झाकण, मधोमध एकच बोल्ट, आत कॉर्कचं पॅकिंग. आजवरच्या प्रत्येक मालकानं तेल दिसलं की पाना घेऊन तो बोल्ट आवळलेला. आवळला की पत्र्याचा मध्य आत जातो, कडा उचलतात, तेल जास्त येतं, म्हणून पुढचा मालक आणखी आवळतो. साठ वर्षांच्या कर्तव्यनिष्ठेनं ती झाकणं बशीएवढी खोल झाली होती. मागचं झाकण तर एक्झॉस्टच्या आड असं दडलेलं की तिथपर्यंत पोचलेल्या माणसानं रागानं आवळलं असेल तर मी त्याला माफ करतो.

झाकणं ठोकून सपाट केली, नवं पॅकिंग घातलं, बोल्ट हलक्या हातानं बसवला. मामांचं समाधान होईना. "ह्ये समदं नंतरचं. पैला तिचा श्वास बघ." पुढच्या टॅपेट कव्हरमधून एक पाइप खाली उतरतो आणि उघडाच संपतो. पिस्टनच्या कडेनं निसटलेला वायू त्यातून बाहेर जायचा असतो. "कुकरची शिट्टी चोंदली की वाफ झाकणाच्या कडंनं येती का न्हाई? मग रबर बदलून काय उपेग?"

पाइपमध्ये तार घातली. ती थोडी गेली आणि अडली. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून, पुन्हा तार घालून जो काळा घट्ट गाळ निघाला, त्याचं वय माझ्याइतकं असावं. नंतर गाडी चालवून आणली. रॉकर कव्हर कोरडं. बाजू कोरडी. टायमिंग कव्हर, ज्याचं सील मी अजून बदललंही नव्हतं, जवळजवळ कोरडं. पुठ्ठ्यावर फक्त त्या पिनेचा थेंब, योजनेप्रमाणे.

त्याच आठवड्यात हिची गाडी एमओटीला गेली. पास झाली, पण कागदावर शेरा आला: तेलगळती आहे, पण बेताची. हिचा विश्वास बसेना, कारण फरशीवर कधी ठिपकासुद्धा नव्हता. नव्या गाड्यांच्या पोटाखाली प्लास्टिकचा मोठा ट्रे असतो आणि गळलेलं सगळं तो मुकाट्यानं साठवतो, हे मी शक्य तितक्या सौम्य आवाजात सांगितलं. ही काही बोलली नाही. जांभळा दिवा घेऊन बाहेर गेली आणि बॉनेट उघडलं.

मी चहा करून घेतला, मग हातात घेऊन तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मागचं सील असणार."