पैसे घ्या, पुस्तक द्या

ई-पुस्तक हवंय, पैसे मोजायची तयारी आहे. दुकान म्हणतं, तुमच्या देशात मिळणार नाही. ना छपाई, ना जहाज, ना जकात. मग अडलं कुठे?

करारात. इंग्रजी पुस्तकांचे हक्क देशांचे गट पाडून विकले जातात आणि भारत बहुधा ब्रिटिश प्रकाशकाच्या वाट्याला जातो. १९४७ साली, आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी, ब्रिटिश प्रकाशकांनी साम्राज्याची बाजारपेठ स्वतःकडेच ठेवण्याचा करार केला. अमेरिकेतल्या खटल्यापायी १९७६ मध्ये तो मोडला.

सवय मोडली नाही.

मग वाचक व्हीपीएन लावतो, खात्यात परदेशातला पत्ता टाकतो आणि पूर्ण किंमत देऊन पुस्तक घेतो. याला चोर म्हणायचं?

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. पूर्ण किंमत मोजणाऱ्याला त्यात बसवणं सोपं नाही. पण खोटा पत्ता म्हणजे दुकानाच्या अटींचा भंग, हे कबूल करायलाच हवं. खातं बंद झालं, तर दाद कुणाकडे मागणार?

अमेरिकेत कागदी पुस्तकाला हा जाच नाही. सुपाप किर्टसेंग हा थाई विद्यार्थी थायलंडमधली स्वस्त पाठ्यपुस्तकं अमेरिकेत विकायचा. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. ई-पुस्तकात मात्र तुमच्या हाती प्रत नसते, नुसता परवाना असतो. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलचं ‘१९८४’ ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसलं, कारण विकणाऱ्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते. तेच पुस्तक भारतात २०११ पासून कुणीही छापू शकतं. अमेरिकेत २०४४ सरेपर्यंत नाही.

वाचकालाही एक सांगायचंय. पुस्तक इथे रीतसर मिळत असताना शंभर रुपये वाचवायला परक्या दुकानात शिरलात, तर हक्कांसाठी पैसे मोजलेल्या इथल्या प्रकाशकाच्या पोटावर पाय येतो. ते चूकच. पण इथे कुणी विकतच नसेल तर? लेखकाला रॉयल्टी मिळते, वाचकाला पुस्तक. बुडालं कुणाचं?

हक्क घेऊन त्यांवर बसून राहणाऱ्याला जाब विचारा. ठरल्या मुदतीत पुस्तक विक्रीला आणा, नाहीतर त्या देशाचे हक्क लेखकाला परत करा. एवढं कलम करारात घालायला काय अडचण आहे?

टेलिग्रामवर फुकटच्या पीडीएफ फिरतातच. तिथे देश कुणी विचारत नाही.