राखून ठेवलेला डाव

कोल्हापूरच्या तालमींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी, ती ही की तेथे ज्याच्या शब्दावर शंभर शंभर किलोची माणसे उठतात-बसतात, त्याला स्वतःला मात्र उठताना बहुधा कोणाच्या तरी खांद्याचा आधार लागतो. यास वस्ताद म्हणतात. ऐन उमेदीत कुस्त्यांचे फड गाजवलेला आणि आता गुडघ्यांनी राजीनामा दिल्यामुळे हौद्याच्या, म्हणजे लाल मातीच्या आखाड्याच्या, कडेला खुर्ची टाकून बसलेला हा मल्ल पोरांना डाव शिकवतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात नवख्याला सुरुवातीचे बरेच दिवस डाव सोडून बाकी सर्व काही शिकवले जाते.

त्याच्या वाट्याला प्रथम फावडे येते. पहाटे हौदा उकरायचा, ढेकळे फोडायची आणि मातीत ताक, तेल, हळद, लिंबू व कापूर मुरवायचा. मग वस्ताद त्यातली चिमूटभर माती बोटांत चुरून नाकाशी नेतो आणि ताक कमी पडल्याचा निकाल देतो, ज्याविरुद्ध अपील करण्याची सोय तालमीच्या घटनेत नाही. पुढे जोर, बैठका आणि थंडाईसाठी बदाम घोटणे; शिवाय रात्री सिनेमाला जाऊ नये, चितपट केलेल्याला हात देऊन उठवावे, हरल्यास मातीला नावे ठेवू नयेत, ही कलमे वेगळीच. मातीविषयी वस्ताद फारच हळवा असतो. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले ते मॅटवर, हे त्याला मान्य असते, फक्त त्याचे श्रेय तो मातीला देतो. आणि मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत आटोपते हे कळल्यावर, एवढ्या वेळात अंगाला घाम तरी येतो का, असे विचारतो.

वस्ताद एक डाव स्वतःसाठी राखून ठेवतो, ही दंतकथा मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. ढाक, घिस्सा, मोळी, कलाजंग हे डाव शाहू महाराजांनी बांधवलेल्या खासबागेसारख्या मैदानात १९१२ पासून हजारो डोळ्यांसमोर पडत आले आहेत, तेव्हा त्यांतले लपवणार काय? खडाखडीत, म्हणजे डाव टाकण्यापूर्वी एकमेकांचे हात आणि मान अजमावण्याच्या टप्प्यात, उतावळा पठ्ठ्या आधी झेपावतो आणि खुर्चीवरून रोजची आरोळी येते : “दम धर की लेका!” ती इतक्या वेळा येते की पठ्ठ्याच्या कानाला ती तालमीबाहेरच्या रिक्षांच्या भोंग्यासारखी सरावाची होते, आणि पुढे दम धरणाऱ्या कोणाकडून पाठ टेकली की तोच पठ्ठ्या गावभर सांगत सुटतो की वस्तादांनी एक डाव शिकवलाच नाही. या आरोपाला उत्तर देण्याच्या भानगडीत वस्ताद पडत नाही. तो पुन्हा ताकाची चौकशी करतो.

ज्या वाचकांना या विषयाची प्रत्यक्ष पडताळणी करावयाची असेल, त्यांनी पहाटेच तालमीत जावे, पायताणे बाहेर काढावीत आणि वस्तादाने व्यायामाविषयी विचारल्यास खरे काय ते सांगावे, कारण पोटाच्या घेरावरून त्याने ते आधीच ओळखलेले असते.