हूक कोठे लावाना?

बांधकाम शिकायला आता तीन दिवस पुरतात. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा अभ्यासक्रम १ वर्षाचा आहे, घरकुल योजनेतलं ग्रामीण गवंड्यांचं प्रशिक्षण ४५ दिवसांचं आहे. ती मंडळी उगाच वेळ काढतात. शिबिरवाल्यांनी तेच काम शुक्रवार-शनिवार-रविवारात बसवलंय, आणि त्यातच उद्घाटन, समारोप अन् दोन वेळचं जेवणही होतं. आमच्या ब्राह्मणपुरीकडे, शहाद्याच्या पट्ट्यात, या शिबिरांचा हंगाम होळीच्या आगेमागे येतो. गुजरातेत बांधकामावर आणि ऊसतोडीला गेलेली माणसं होळीला घरी आलेली असतात, ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो आणि ३१ मार्चला न खर्चलेला निधी परत जातो. तिन्ही योग जुळले की समाजमंदिरावर फ्लेक्स चढतो : ‘बांधकाम मूलभूत कौशल्ये व कार्यस्थळ सुरक्षा’. कोणाचं शिबिर, कोणत्या साली, ते विचारू नका. फ्लेक्स बदलतो, शिबिर तेच.

पहिल्या दिवशी ‘घमेले उचलण्याची शास्त्रशुद्ध पद्धत’. पाठ ताठ, गुडघे वाकवून. समोर बसलेल्या बायांनी सुरतेच्या इमारतींवर जेवढी घमेली वाहिली, तेवढी सरांनी स्लाइडवरसुद्धा पाहिलेली नसतात. बाया तोंडाला पदर लावून ऐकतात. सरांना वाटतं लाजतात. मग ओळंबा. ओळंबा पडद्यावर दाखवतात, कारण खरा आणला तर तो कुठल्यातरी भिंतीला लावावा लागेल आणि समाजमंदिराच्या भिंतीचं सत्य बाहेर येईल. प्रोजेक्टर वाकडा ठेवल्यामुळे ओळंबा तिरपा लोंबतो. हे फक्त मागे बसलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या ध्यानात येतं. सुतळीवर ३, ४ आणि ५ फूट मोजून पायाचा काटकोन काढण्यात त्याची हयात गेली. याला पायथागोरसचा सिद्धांत म्हणतात, हे त्याला शिबिरात कळतं. त्यामुळे गावातल्या एकाही कोपऱ्यात फरक पडत नाही.

दुसरा दिवस सुरक्षेचा. पिशवीतून पट्टा निघतो. साधा कमरेचा नाही, पूर्ण अंगाचा : खांद्यावरून, छातीवरून, मांड्यांमधून. पाठीवर कडी, कडीला ६ फुटी दोरी, दोरीच्या टोकाला भलामोठा चकचकीत हूक. समोरच्या रांगेतल्या एका पोराला उभं करून त्याच्यावर तो चढवतात. पट्टे आवळले जातात, टाळ्या पडतात, मोबाइल वर होतात. आणि मागून कुणीतरी विचारतं,

‘‘सर, हाऊ हूक कोठे लावाना?’’

सर म्हणतात, ‘‘मजबूत आधाराला.’’

मग मजबूत आधाराचा शोध सुरू होतो. पंख्याच्या हुकाला लावावा, तर पंखाच त्याच्या भरवशावर नाही. तो फिरायला लागला की खालची रांग आपसूक सरकते. खिडकीच्या गजांना लावावा, तर ते काम कुणाच्या ठेक्यात झालं हे सगळ्यांना ठाऊक, आणि तो ठेकेदार प्रमुख पाहुणा म्हणून समोर बसलेला. खांबाला लावावा, तर खांब हुकात मावत नाही. व्यासपीठावरच्या खुर्चीला लावावा, तर खुर्ची पाहुण्यांनी स्वतःच घट्ट धरून ठेवलेली. शेवटी हूक लागतो फ्लेक्सच्या बांबूला, कारण फोटोत फ्लेक्स यायलाच हवा. पोरगा फरशीवर, हूक बांबूला, बांबू सुतळीला, सुतळी खिळ्याला आणि खिळा चुन्यात. पोराचे दोन्ही पाय जमिनीवर असल्याने तो पडण्याची भीती नाही. पडलाच तर पाहुण्यांच्या चेहऱ्यासकट फ्लेक्स पडेल. एवढ्यात कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघतं की पट्टे चार आहेत, तर चौघांनी घालावेत आणि एकाचा हूक दुसऱ्याच्या कडीला लावावा. चौघं ओळीत उभे राहतात, पहिला दुसऱ्याला अडकलेला, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला, आणि चौथ्याचा हूक त्याच्याच हातात. फोटो निघतो. अहवालात खाली ओळ येते : ‘सुरक्षा साधनांचे प्रत्यक्ष प्रात्यक्षिक’.

आता प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण ते शिबिरात मिळत नाही. गावातलं घर एकमजली, स्लॅब १० फुटांवर. माणूस स्लॅबच्या कडेला उभा. त्याच्या डोक्यावर आभाळ आहे. वरचा मजला अजून बांधायचाय, तोच तर तो बांधतोय. हूक लावायचाच तर पायाशी, कॉलमच्या वर आलेल्या सळईला. पाठीवरची कडी पायापासून साधारण साडेचार फूट उंच, दोरी ६ फूट. दोरी ताठ होईपर्यंत माणूस साडेदहा फूट खाली गेलेला असतो. स्लॅब १० फुटांवर होता. म्हणजे दोरीच्या आधी जमीन येते. १० फूट उतरायला पाऊण सेकंदाहून किंचित जास्त लागतो आणि शेवटचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. पट्टा मानकाप्रमाणे, हूक लावलेला, प्रमाणपत्र घरात फ्रेम केलेलं, माणूस खाली पडलेला आणि दोरी अजून सैल. हूक डोक्याच्या वर अडकवायचा असतो आणि वर काही नसेल तर आधी ते उभं करायचं असतं, हे एक वाक्य शिकवायला तीन दिवस पुरले नाहीत.

कायद्याला विचारावं, तर त्याचाही हूक इथे कुठे लागत नाही. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यात १० पेक्षा कमी कामगारांचं काम बसत नव्हतं, आणि स्वतः राहण्यासाठी बांधलेलं १० लाखांपर्यंतचं घरही बसत नव्हतं. खेड्यातल्या घरावर मिस्त्री, दोन गवंडी आणि चार बिगारी असतात. म्हणजे सात जण पडले तरी कायद्याच्या नजरेत अजून कुणी वर चढलेलंच नाही. पुढे व्यावसायिक सुरक्षेची २०२० ची संहिता आली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाली. १० कामगारांची अट तिथेच राहिली आणि १० लाखांचे ५० लाख झाले. आमच्या पट्ट्यात ५० लाखांचं घर बांधणारा माणूस बोट दाखवून दाखवता येतो. सुरक्षा अधिकारी नेमायचा तर बांधकामावर पूर्वी ५०० कामगार लागत, आता २५०. चांगली सुधारणा आहे. एका जागी २५० माणसं ब्राह्मणपुरीत लग्नाच्या पंगतीला जमतात; तिथे खरोखर एक सुरक्षा अधिकारी हवा, जिलबीपाशी.

हसून झालं असेल तर पुढचं वाचा. मांड्यांमधून आवळायचा तो पट्टा साडी नेसलेल्या बाईने कसा घालायचा, हे एकाही शिबिरात कुणी सांगत नाही. कामावर डोक्यावर घमेलं घेऊन फळीवरून वर-खाली करणाऱ्या बहुतेक बायाच असतात. त्यांना शिबिरात रांगोळी काढायला आणि पाहुण्यांना ओवाळायला बोलावतात. प्रात्यक्षिकाला उभा करतात तो पँट घातलेला बारावी पास पोरगा, ज्याने अजून वीटही उचललेली नाही. हा अज्ञानाचा प्रश्न नाही, हा निर्लज्जपणा आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस जिनाचा तंग स्वतःच्या हाताने ओढून बघतो, कारण त्यावर तो स्वतः बसणार असतो. मजुराचा पट्टा कुणी ओढून बघत नाही.

आणि सेंट्रिंग! यावर मी इतक्या वेळा लिहिलंय की वाचक पान उलटत असतील; उलटू द्या. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालच्या बल्ल्या साध्या सिमेंटला ७ दिवस आणि त्याहून लांब असेल तर १४ दिवस काढायच्या नाहीत, असं भारतीय मानक ४५६ सांगतं. आमच्याकडे बल्ल्या स्लॅबच्या ताकदीवर निघत नाहीत, पुढच्या गावच्या स्लॅबच्या तारखेवर निघतात. प्लेटा भाड्याच्या, भाडं दिवसाचं, त्यामुळे सिमेंटनेही ठेकेदाराच्या सोयीने घट्ट व्हावं अशी अपेक्षा असते. खाली उभं राहून बल्ली हातोड्याने पाडणारा पोरगा हा त्या घरावरचा सर्वांत नवा, सर्वांत स्वस्त माणूस असतो. नवशिक्याला शिकवायचं तर हे शिकवा : बल्ली कधी काढायची, कुठून सुरुवात करायची, कुठे उभं राहायचं आणि मिस्त्रीने आजच काढ म्हटलं तर काय बोलायचं. शेवटचं तर कुठल्याच स्लाइडवर नसतं, कारण ते शिकलेला पोरगा दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार कोण?

तिसऱ्या दिवशी परीक्षा असते. ‘हेल्मेट कोठे घालावे?’ याला चार पर्याय असतात आणि सगळे पास होतात.

शिबिरवाले सुधारतील या भरवशावर मी हे लिहीत नाही. त्यांचा पुढचा फ्लेक्स छापून झालाही असेल. सांगायचंय ते घर बांधणाऱ्यांना. कडेला तीन-साडेतीन फुटांवर एक आडवा बांबू, त्याखाली मध्ये दुसरा, आणि दोन्ही ज्यांना घट्ट बांधले असे उभे खांब : एवढा कठडा असला तर माणूस मुळात पडत नाही आणि हूक कुठे लावायचा हा प्रश्नच उरत नाही. बांबू आपल्याकडे मिळतो, आणि बांधणारे हात तुमच्या घरावर रोज येतातच. स्लॅबचा सौदा ठरवतानाच हा कठडा आणि बल्ल्यांचे ७ किंवा १४ दिवस त्यात बोलून घ्या. ठेकेदार म्हणेल, एवढ्या रेटमध्ये बसत नाही. रेट वाढवून द्या.