इतर हक्क

निवृत्त मंडळ अधिकारी तुमच्या ओळखीत असतोच. नसेल तर सोसायटीच्या वार्षिक सभेत जरा मागे वळून बघा. मागच्या इतिवृत्तात ‘ठराव मंजूर’ आहे, ‘एकमताने’ कुठे गेलं, असं विचारत जो उभा राहतो, तो हा.

साताऱ्यात आमच्या शेजारी असा एक आहे. आप्पा. लग्नात अहेराची वही स्वतःकडे ओढून घेतात आणि आधीच्या माणसाने आखलेले रकाने खोडून नवे आखतात. नातवाच्या प्रगतिपुस्तकावर ‘तपासले’ असा शेरा मारून त्यांनी तारखेसह सही केली होती. शाळेने वैतागून नवं प्रगतिपुस्तक दिलं, तर जुन्यावर ‘रद्द’ लिहून ते फायलीला लावलं.

अशा माणसाला सुनेने ईमेल पाठवणारी कंपनी निवडायचं काम दिलं.

सूनबाई परदेशात दिवाळीचा फराळ पाठवते. ऑर्डर आली की पावतीचा मेल, डबा कुरिअरकडे गेला की ट्रॅकिंग नंबरचा मेल. एका दिवाळीत हे मेल गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडायला लागले. न्यू जर्सीच्या एक बाई त्यांच्या सायंकाळी, म्हणजे आपल्या रात्री अडीचला, फोन करून अनारशांची चौकशी करत. सूनबाई म्हणाली, “बाबा, मेल पोचवून देणाऱ्या कंपन्या असतात. जरा बघता का?” महसूल खात्यात हयात घालवलेल्या माणसाला ‘जरा बघता का’ असं कधी म्हणू नये.

मी कम्प्युटरच्या लाईनीतला, म्हणून आप्पांनी मला बोलावून घेतलं. लॅपटॉपवर एक्सेल उघडलं होतं आणि त्यात चक्क गाव नमुना सात होता. कंपनीचं नाव, मूळ मालक, सध्याचा भोगवटादार, फेरफार, आकारणी आणि सगळ्यात शेवटी ‘इतर हक्क’.

माणसं आधी दर बघतात. आप्पांनी आधी मालकी काढली. सेंडग्रिड, 2019 साली ट्विलिओने घेतली. मेलगन, 2021 पासून सिंच. मेलचिंप त्याच वर्षी इंट्यूटकडे. पोस्टमार्क, 2022 ला ॲक्टिव्हकॅम्पेन. “अरे, अख्ख्या शिवारात एक तुकडा मूळ मालकाकडे उरलेला नाही!” चेन्नईच्या झोहोचं झेप्टोमेल मात्र घरच्याच मालकीचं निघालं, त्यापुढे त्यांनी समाधानाने ‘वडिलोपार्जित’ असं लिहिलं. 2016 साली मेलचिंपने आपल्या मँड्रिल या मेलसेवेच्या गिऱ्हाइकांना सांगितलं होतं की इथून पुढे आमचं पैसे भरून घेतलेलं खातं असेल तरच मँड्रिल वापरता येईल. आप्पा भडकले. “कुळाला असं उठवता येतं होय?” आणि इतर हक्कात नोंद झाली.

मग दर. ॲमेझॉनची एसईएस हजार मेलला 10 सेंट घेते, म्हणजे सूनबाईच्या एका चकलीच्या आसपास. मला वाटलं, आता सुटलो. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. “आकारणी इतकी कमी? जिरायत असणार.” आणि सांगायला जिवावर येतं, पण अगदी बरोबर होतं. तिथे मेल ढकलायची सोय तेवढी स्वस्त. परत आलेल्या मेलचं काय करायचं, यादी कशी सांभाळायची, कुठला मेल का अडकला, ते पाणी आपलं आपण आणायचं. शिवाय नवं खातं आधी कुंपणात असतं. चोवीस तासांत 200 मेल, तेही आधी पडताळलेल्या पत्त्यांवरच. बाहेर यायचं तर मेल कुणाला आणि कशासाठी पाठवणार हे लिहून द्यावं लागतं. आप्पांनी लिहिलेला मसुदा ‘विनंती अर्ज करण्यास कारण की’ इथून सुरू होऊन भाजणीच्या प्रमाणापर्यंत गेला होता.

नंतर सामाईक आयपीचं प्रकरण. या कंपन्या छोट्या गिऱ्हाइकांचे मेल एकाच आयपी पत्त्यांच्या गठ्ठ्यातून पाठवतात. तिथे एखाद्याने घाण केली की बाकीच्यांच्या अब्रूलाही धक्का लागतो. सहहिस्सेदाराचं भांडण म्हटल्यावर आप्पांच्या अंगात तरतरी आली. “खातेफोड करून घेऊ. स्वतंत्र आयपी.” मी सांगितलं, आप्पा, स्वतंत्र आयपीची पत नव्याने तयार करावी लागते, हळूहळू मेल वाढवत न्यावे लागतात आणि वर्षभर रहदारी लागते. तुमचे दिवाळीतले काहीशे मेल त्याला पुरणार नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि टाइप केलं: ‘शेजाऱ्याची तोंडी हरकत. इतर हक्क.’

त्या रकान्यात काय नव्हतं! न्यू जर्सीच्या बाईंची अनारशांची तक्रार होती. कुठल्या कंपनीचा मदत कक्ष किती वेळाने उत्तर देतो हे होतं. “कुठलीही एक घ्या हो आप्पा” असं मी कधी म्हणालो, ते तारीखवार होतं. मेल पाठवायच्या वेळी गेलेली वीज ‘नैसर्गिक आपत्ती’ या सदराखाली होती. सूनबाईने एकदा नुसता सुस्कारा टाकला, तर मान वर न करता म्हणाले, “नोंद घेतली.”

याच हट्टापायी त्यांना मूळ दुखणं सापडलं, हेही लिहायला हवं. आपल्या डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतो, हे डीएनएसमधल्या एसपीएफ नोंदीत लिहिलेलं असतं. डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही, खरी की खोटी ते तपासता येणारी. आणि या दोन्हींत खोट निघाली तर मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने हे सक्तीचं केलं. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात, बाकीच्यांना निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम. आप्पांनी सूनबाईच्या डोमेनच्या नोंदी छापून घेतल्या आणि पेन्सिल घेऊन बसले. दोन ओळी ‘व्ही=एसपीएफ1’ने सुरू होत होत्या. एक जुन्या होस्टिंगची, दुसरी वेबसाइट करणाऱ्या मुलाने पुढे चिकटवलेली. नियमाने एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन आढळल्या की तपासणारा चूक म्हणून दोन्ही सोडून देतो.

“एका गटाला दोन सातबारे?” आप्पांचा आवाज चढला. “निलंबित होतो माणूस यावर!” दोन्हींची मिळून एक नोंद केली, आणि कंपनी ठरायच्या आधीच निम्मे मेल सरळ इनबॉक्समध्ये पडायला लागले.

आप्पांचा भाचा मात्र चटपटीत. डिजिटल मार्केटिंगवाला. त्याने एका दुपारी अशाच एका कंपनीत खातं उघडलं, कुठूनशी ईमेल पत्त्यांची यादी विकत आणली आणि आपल्या क्लासची जाहिरात सगळ्यांना धाडली. असे उद्योग जुनेच आहेत. 1978 साली डीईसी कंपनीच्या गॅरी थुअर्कने अर्पानेटवरच्या चारेकशे लोकांना न विचारता कम्प्युटरची जाहिरात पाठवली होती, तेव्हाही लोक असेच खवळले होते. भाच्याचे मेल भराभर परत आले, तक्रारी झाल्या आणि कंपनीने खातं गोठवलं. तो तणतणत आला, “सर्व्हिसच भंगार आहे.” आप्पा म्हणाले, “गायरानात झोपडी बांधलीस आणि वर ग्रामपंचायतीला शिव्या देतोस?” मेल पोचत नाहीत म्हणून मी ऐकलेली बहुतेक रडगाणी या एका वाक्यात बसतात. कंपनी कुठलीही घ्या, आपली यादी घाणेरडी असेल तर ती मेल पोचवू शकत नाही, आणि पोचवायला हवेत असंही नाही.

आप्पांची यादी स्वच्छ होती, कारण तिच्यातला प्रत्येक माणूस त्यांना ठाऊक होता. मेल परत आला की ते फोन करायचे. पत्त्यात एक अक्षर चुकलंय का? नोकरी बदलली का? आणि जाता जाता, करंज्या कशा झाल्या होत्या? शेऱ्यात ‘सासूबाईंना साखर, चिरोटे नकोत’ असलं काहीबाही.

न्यू जर्सीतल्याच एडिसनला राहणारे एक निवृत्त मास्तर दरवर्षी कमी तिखटाच्या चकल्या मागवायचे. एका दिवाळीत त्यांचा मेल परत आला, असा पत्ताच अस्तित्वात नाही म्हणून. हार्ड बाउन्स. असा पत्ता ताबडतोब काढून टाकायचा असतो, ठेवला तर आपली पत जाते. आप्पांनी फोन लावला. मुलीने उचलला. उन्हाळ्यातच गेले, म्हणाली. बराच वेळ बोलणं चाललं होतं. काय बोलले ते मला कळलं नाही, पण आप्पा रुमाल शोधत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी मास्तरांचा पत्ता कंसात टाकला, तलाठी टाकतो तसा, आणि खाली मुलीचा ईमेल लिहिला. ‘वारस नोंद. चकली पूर्ववत कमी तिखट.’

एवढं करून कंपनी ठरलीच नव्हती. आप्पा दुपारी झोपलेले असताना सूनबाईने मोबाईलवरूनच एका कंपनीत खातं उघडलं, सांगितलेल्या नोंदी डीएनएसमध्ये टाकल्या आणि मेल सुरू केले. मेल व्यवस्थित पोचत होते. कुठली कंपनी, हे मी सांगणार नाही. त्या यादीवर कुठलीही चालली असती. आप्पांना महिन्याने कळलं. मला वाटलं, आता रामायण होणार. ते शांतपणे म्हणाले, “विनापरवाना झालंय. नियमित करून घेऊ.”

दुसऱ्या दिवशी फ्रीजवर नोटीस लागली. फेरफार नोंदीबाबत कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. एक प्रत माझ्या दाराच्या फटीतून आत आली. हरकत कोणी घेतली नाही. सोळाव्या दिवशी आप्पा नोंद प्रमाणित करायला पंच म्हणून माझी सही घ्यायला आले. मी सवयीने शेवटचा रकाना वाचला. त्यात लिहिलं होतं: ‘शेजारी यांस वर्षाकाठी चिवडा एक डबा, चकली एक किलो. हक्क कायम.’

मी वर बघितलं तर आप्पा खिडकीबाहेर बघत होते. “वाचत काय बसलास? कर सही,” ते म्हणाले. “आता एसएमएसचं बघायचंय. त्याला म्हणे ट्रायच्या नियमाने आधी नोंदणी लागते.” त्यांचा चेहरा उजळला होता.