चौऱ्याण्णव

कारखान्यातला नॉईज मीटर माझ्या गळ्यात आल्यापासून डोलवीत मी जरा मान ताठ ठेवूनच चालतो. टोकाचा काळा स्पंज वारा अडवण्यासाठी असतो, पण लोकांना तो मुलाखतीचा माइक वाटतो. हा गैरसमज मी कधी दूर केला नाही.

आमच्या पेणच्या गणेशमूर्ती जगभर जातात, त्या मुक्या. आवाज आमच्याकडेच राहतो. म्हणून गणपतीत साहेबांना विचारून मीटर घरी आणला. रात्री साडेनऊला ओटीवर आकडा दिसला ५७. तडक मंडपात गेलो. "वस्तीत दिवसा ५५, रात्री दहानंतर ४५! नियम २००० सालचे आहेत!" पोरांनी मुकाट्याने स्पीकर कमी केला. मी जेवलोसुद्धा मिशीला पीळ देत.

सकाळी कामावर कॅलिब्रेटर काढला. पिटुकला डबा, भोकात माइक बसवून कळ दाबली की १००० हर्ट्झची एकसुरी शिट्टी, नेमकी ९४ डेसिबलची. मीटरने दाखवले ९७! मागच्या खेपेस मी माइक अर्धवट बसवला होता. आकडा ९१ आला, तेव्हा डब्यात काही चुकलं असेल ही शंकाही न घेता स्क्रू पिळून ९४ केले होते. म्हणजे कालचे ५७ खरे ५४. पोरं नियमात होती.

तीनच तर, असं म्हणू नका. डेसिबलची बेरीज शाळेतली नव्हे. आमची एक आत्या बोलते ७० डेसिबलने. तेवढीच दुसरी आली की ऊर्जा दुप्पट, पण आकडा १४० नव्हे, ७३. तिसरी आली की जेमतेम ७५. दहा आत्या जमल्या तरी ८०. शास्त्र असं म्हणतं. शास्त्राला आत्या नसाव्यात. थोडक्यात, पोरांवर मी दुप्पट ऊर्जेचा आळ घेतला होता.

संध्याकाळी मंडपात कबुली दिली. एकाने हातावर दोन मोदक ठेवले. "घ्या काका, तुमच्या मीटरवर चार दिसतील."

आमच्या घरात मात्र सगळ्यात मोठा आवाज माझाच. "बाबा, जेवायला चला," म्हणतो तेव्हा मीटर ८४ दाखवतो. तिसऱ्या हाकेला बाबा म्हणतात, "एवढा ओरडतोस कशाला?" मग मीही चिडतो. बाबांची सगळी उमेद भातगिरणीत गेली. आज कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० ची मर्यादा आहे, कानात घालायला बोळे आहेत, मोजायला मी आहे. त्यांच्या गिरणीत मोजायला कुणी आलं नाही. तांदूळ तेवढा मोजला जायचा.

कबुली दिली त्या रात्री मीटर टेबलावर चालूच राहिला होता. बाबा चष्मा लावून त्याच्यासमोर बसले होते. ४१. ४०. ४२. मग ५१. ६०. ६७.

बाबांनी मान वर केली.

"पाऊस आला. पत्र्याखालचे कपडे आत घे."