आत्या, ओटीपी सांग!

१७४१ साली भास्करपंत कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन रतनपूरवर चालून गेले आणि छत्तीसगडात मराठी अंमलाची सुरुवात झाली. त्या फौजेला वाटेत काय काय सोसावं लागलं ते इतिहासकार सांगतील. पण वेशीवर कुणी ओटीपी मागितला नव्हता, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. २०२५ च्या मे महिन्यात आमची स्वारी नागपूरहून त्याच दिशेला निघाली. फौजेत मी, माझा तेरा वर्षांचा भाचा आणि एक निन्टेंडो स्विच.

स्विच म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र. कंपनी ते भारतात रीतसर विकत नाही, त्यामुळे ते बहुधा कुणाच्या तरी काकांच्या बॅगेतून, चॉकलेटं आणि शांपूच्या बाटल्यांच्या सोबतीने येतं. निघण्यापूर्वी भाच्याने त्यात एक नवा खेळ उतरवायला लावला होता. रिक्षा दारात आली तेव्हा सहाशे एमबी उरले होते, आणि अर्धवट उतरलेला खेळ उघडत नाही. गाडी गोंदिया सोडून दरेकशाच्या जंगलात शिरली. पुढे डोंगरगडला बमलेश्वरीचा डोंगर दिसला, डब्यातल्या मंडळींनी खिडकीकडे वळून हात जोडले. भाच्यानेही जोडले. काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती.

"मामा, तुझ्या फोनचा हॉटस्पॉट?" त्याने मग माणसाकडे मागून पाहिलं. माझा फोन बटणांचा. तो वाजतो आणि मेसेज घेतो, यापलीकडे त्याच्याकडून माझी अपेक्षा नाही आणि त्याची माझ्याकडून नाही.

रायपूरला आत्या चौबे कॉलनीत राहते, महाराष्ट्र मंडळाच्या जवळच. तिच्या घरी वायफाय आहे, पण गल्लीत गटाराचं काम निघालं होतं आणि जेसीबीने केबल उपटली होती. आत्याच्या मोबाइलचा दिवसाचा डेटा पहाटेच्या कीर्तनांच्या व्हिडिओंत संपतो. आठनंतर तो फोन फक्त फोन उरतो. "कशाला हवंय ते नेट? बोरे-बासी खा, डोकं थंड राहील," असं म्हणत तिने वाडगा पुढे केला. रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी कांद्या-मिरचीबरोबर खायचा हा पदार्थ. २०२२ साली तिथल्या सरकारने १ मेला त्याचा दिवससुद्धा साजरा केला. भाच्याने वाडगा रिकामा केला. डोकं थंड झालं नाही.

मग आम्ही सार्वजनिक वायफाय शोधायला बाहेर पडलो. नागपूरच्या माणसाने परगावच्या उन्हाला ऊन म्हणायचं नसतं, म्हणून मी काही बोललो नाही. रुमाल मात्र डोक्यावर बांधला.

पहिला मान जीई रोडवरच्या नालंदा परिसराला. २०१८ मध्ये सुरू झालेलं हे वाचनालय चोवीस तास उघडं असतं, आत वायफाय, बाहेर झाडी, आणि झाडाखालीसुद्धा लोकसेवा आयोगाची तयारी करणारी मुलं. दारावरच्या रखवालदाराने सभासदाचं कार्ड मागितलं. मग स्विचकडे बघून तो अत्यंत मायेने म्हणाला, "इहां पढ़े बर आथें, बाबू." भाचा म्हणाला, "मीपण वाचतोच, स्क्रीनवर." मला रखवालदाराचं पटलं. ज्या खोलीत भावी तहसीलदार घाम गाळताहेत तिथे आपण राक्षस मारत बसू नये.

एका मॉलमध्ये कॉफी घेतल्यावर पासवर्ड मिळणार होता. मी किमतीचा फलक वाचला आणि आम्ही सरकत्या जिन्याने खाली आलो.

पानवाल्याला विचारलं त्याला मात्र सबळ कारण होतं. पीएम-वाणी नावाची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केली. तिच्यात पानवाला असो की किराणावाला, परवाना न काढता वायफाय विकू शकतो. म्हणून मी मोठ्या विश्वासाने विचारलं, "वायफाय है?" तो चुना लावता लावता म्हणाला, "बनारसी है, मीठा है, कलकत्ता है. वायफाय का पत्ता इधर नहीं आता." आणि आलं असतं तरी उपयोग नव्हता, त्या योजनेत शिरायला फोनवर ॲप लागतं. स्विचमध्ये ते घालता येत नाही, माझ्या फोनमध्ये तर घड्याळच कसंबसं बसलंय.

इथे भाच्याने मला एक हेवा वाटण्याजोगी गोष्ट सांगितली. निन्टेंडोचं डीएस हे जुनं यंत्र २००४ साली आलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मॅकडॉनल्ड्सच्या दुकानांत त्याच्यासाठी फुकट वायफाय ठेवलं गेलं. पोरं जायची, यंत्र उघडायची, खेळायची. ना नंबर, ना नाव. आपल्याकडे तसं का नाही, याला कारण आहे आणि ते थट्टेचं नाही. २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळी अतिरेक्यांचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार खात्याने नियम केला, की सार्वजनिक वायफायवर येणाऱ्याची ओळख पटली पाहिजे, ओळखपत्राने किंवा मोबाइलवरच्या मेसेजने. नियम शहाणपणाचा आहे. फक्त तो करताना ज्या यंत्राला स्वतःचा नंबरच नाही, त्याने काय करावं हे कुणाच्या मनात आलं नसावं. आपल्या देशात नंबर नसलेला माणूस सापडणं कठीण. नंबर नसलेलं यंत्र म्हणजे लग्नात कुणाकडचा आहे हे सांगता न येणारा पाहुणा.

संध्याकाळी तेलीबांधा तलावाच्या काठी गेलो. रायपूरकर या जागेला मरीन ड्राइव्ह म्हणतात आणि मुंबईकरासमोर म्हणताना आवाज जरासुद्धा खाली आणत नाहीत. तिथे स्विचच्या पडद्यावर आजूबाजूच्या इमारतींतल्या नेटवर्कांची यादी उमटली. सगळ्यांना कुलूप, पण नावं वाचण्यासारखी. एक 'जय महाकाल', एक 'पापा का नेट', एक 'पहले किराया दो', आणि त्याच्या खालोखाल, बहुधा उत्तर म्हणून, 'दे दूंगा'. एका गृहस्थाने नेटवर्काचं नाव 'पासवर्ड मत पूछना' ठेवलं होतं. तलावाची हवा खात आम्ही एका अख्ख्या सोसायटीचे परस्परसंबंध वाचून काढले.

पाणीपुरीला रायपुरात गुपचुप म्हणतात. गुपचुपवाला बराच वेळ आमच्याकडे पाहत होता. शेवटी त्याने विचारलं, "का खोजत हव?" सांगितल्यावर त्याने फडक्याला हात पुसले, खिशातून फोन काढला आणि स्वतःचा हॉटस्पॉट चालू करून दिला. पासवर्ड एक ते आठ. त्याचा दिवसाचा डेटा संपेस्तोवर पावणेदोनशे एमबी उतरले. तोवर आम्ही गुपचुप खात राहिलो, कारण नुसतं उभं राहणं बरं दिसेना. तिखट फार होतं. सव्वाचारशे एमबी अजून बाकी होते.

ते रायपूर जंक्शनवर भागले. देशातल्या स्टेशनांत फुकट वायफायची सुरुवात जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जी पुढची स्टेशनं जोडली गेली त्यांत पुण्याच्या जोडीला रायपूरही होतं. या कामात सोबत असलेल्या गूगलने २०२० मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. रेल्वेच्याच रेलटेल कंपनीने ते चालू ठेवलं. एका नंबरावर दिवसाला अर्धा तास फुकट, वेग एक एमबीपीएस. भाच्याने तिथल्या तिथे गणित केलं: अर्ध्या तासात फार तर सव्वादोनशे एमबी, म्हणजे दोन नंबर लागणार. २०२१ च्या दरपत्रकात दहा रुपयांत पाच जीबी होते, पण फुकट मिळत असताना दहा रुपये देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. प्लॅटफॉर्म तिकिटाचे वीस गेले होते ते वेगळे.

माझ्या नंबरावर पहिला अर्धा तास झाला. वायफाय नीट चाललं. मग आत्याचा नंबर टाकला आणि तिला फोन लावला. त्या दिवसांत फोन लागण्याआधी अमिताभ बच्चन सायबर ठगांपासून सावध करायचे. त्यांचं ऐकून होईपर्यंत घाम फुटला.

"आत्या, तुझ्या फोनवर आकडा आलाय, तो सांग."

"कोण बोलतंय?"

"अगं, मी."

"मी म्हणजे कोण? आवाज तर त्याचाच काढतोय मेला."

मी तिला तिच्या सासूचं माहेर सांगितलं. "हे तर कुणीही सांगेल," असं म्हणून तिने फोन ठेवला.

एवढ्यात टीसी आले. "कहाँ जाना है?" भाचा खरं बोलला: "कहीं नहीं, डाउनलोड कर रहे हैं." त्यांनी प्लॅटफॉर्म तिकिटं पाहिली, वेळ पाहिली, दोन तासांतले किती उरलेत ते सांगितलं आणि निघून गेले. शेजारी गाठोड्यावर बसलेल्या आजीबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी फोन पुढे केला. "ले बाबू, मोर नंबर म कर ले." प्लॅटफॉर्म तिकिटाची मुदत संपायच्या आत खेळ उतरला.

तुम्ही असलं यंत्र घेऊन रायपूरला जाणार असाल तर थेट स्टेशन गाठा, मॉलच्या वाटेला जाऊ नका. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना आदल्या रात्रीच समोर बसवून सांगून ठेवा, की उद्या आकडा येईल आणि तो मागणारा मीच असेन.